पट्ट्याला लागलेला हात

गिऱ्हाईक खुर्चीत मान टाकतं आणि डोळे मिटतं, तेव्हा ते आपलं झालं. हसून बोलणारं, बायकामुलांची विचारपूस करणारं गिऱ्हाईक कुणाचंच नसतं; ते उद्या दुसऱ्या गल्लीत जाऊनही तसंच हसेल. वस्तादांचा हा आडाखा आयुष्यभर चुकला नव्हता. म्हणून त्या सकाळी हेडमास्तरांचे डोळे आरशात टक्क उघडे दिसले, तेव्हा वस्तादांनी वस्तरा गालावरून उचलला.

हेडमास्तर म्हणजे पहिल्या खुर्चीत घोरणारा माणूस. ज्यांच्या नजरेला शाळेतली पोरं टरकायची ते मास्तर इथं तोंड उघडं टाकून झोपायचे, आणि वस्ताद त्यांची हनुवटी तान्ह्या मुलाची वळवावी तशी अलगद वळवून घ्यायचे. त्या सकाळी वस्तरा गालावरून नीट उतरला आणि जबड्याच्या हाडापाशी अडला. केस कापला नाही, ओढला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलले काहीच नाहीत. सभ्य माणसं अशीच जीव घेतात. ओरडले असते, चार शिव्या हासडल्या असत्या, तर वस्तादांनी चुकलं म्हणून तुरटी फिरवली असती आणि विषय तिथंच मिटला असता. मास्तर नुसतं "चालू द्या" म्हणाले आणि उरलेली दाढी होईपर्यंत पात्यावर नजर रोवून बसले.

पुढच्या वेळी आले, कोट खुंटीला लावला आणि आत जाऊन दुसऱ्या खुर्चीत बसले. आज जरा इकडे बसतो, इथं वारा बरा लागतो, असं काहीतरी पुटपुटले. दुसरी खुर्ची आतल्या भिंतीला, मोरीला खेटून. तिथं वारा जन्मात कधी फिरकला नव्हता. थोड्या वेळानं तिथून घोरणं ऐकू यायला लागलं.

दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर म्हणजे वस्तादांच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे घुम्या म्हणत. आल्यावर एक शब्द आणि जाताना एक, एवढाच त्याचा खर्च. मिसरूड फुटायच्या आत बहिणीनं त्याला आणून नवऱ्यापुढं उभा केला होता, आणि वस्तादांनी फुगवलेल्या फुग्याला साबण लावून त्यावर वस्तरा चालवण्यापासून त्याला शिकवून माणसात आणला होता. निदान वस्ताद तसं सांगत. घुम्या त्यावर हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. न बोलणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते. रिकामा डबा दिसला की ज्यानं त्यानं आपलं सामान कोंबावं, तसं त्याच्या गप्प बसण्यात लोक आपापलं भरत जातात. वस्तादांनी त्यात एकच गोष्ट गच्च भरून ठेवली होती. याला माझी खुर्ची हवी आहे.

पहिली खुर्ची म्हणजे नुसती दाराजवळची खुर्ची नव्हे. रस्त्यानं जाणारा माणूस काचेतून जो हात बघतो तो पहिल्या खुर्चीचा. दुकान त्या हाताच्या नावानं चालतं. आणि तो हात हल्ली दुखत होता.

हे वस्तादांनी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. उजव्या हाताची बोटं सकाळी मुळापासून अशी आखडायची की डाव्या हातानं ती एकेक करून उघडावी लागायची. त्यावर त्यांनी एक मलम आणलं होतं. डबी दुकानातल्या खणात, पावडरीच्या डब्यांमागं. घुम्या यायच्या आत दुकान उघडायचं, बोटांना आणि तळव्याला मलम चोळून जिरवायचं, टॉवेलला हात पुसायचे आणि वास यायला नको म्हणून वर तपकिरीची चिमूट ओढायची. तपकीर आपण ओढली की वास दुसऱ्याला येत नाही, हा शोध त्यांना कुठून लागला ते देव जाणे. पण दुखऱ्या हाताचा न्हावी आणि दात पडलेला राखणीचा कुत्रा, दोघांची किंमत जग एकच करतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी स्वतः आपल्या म्हाताऱ्या गुरूची तशीच केली होती आणि त्याच्या खुर्चीमागं उभे राहिले होते.

तेव्हा मास्तरांचा केस ओढला गेला त्या दिवशी वस्तादांच्या मनात पहिली भीती हाताची आली. ती त्यांनी तिथल्या तिथं गाडून टाकली आणि वस्तऱ्याकडे वळले. दगडावर पातं घासलं, पुन्हा घासलं. मग पट्ट्यावर फिरवलं, आणि त्यांना कळलं. पट्ट्याचा आवाज गेला होता.

पट्टा म्हणजे खुर्चीच्या बाजूच्या आकड्याला टांगलेली चामड्याची लांब पट्टी. मागच्या अंगाला जाड कापड. दगडावर धार लागते, पण ती धार सरळ होते ती पट्ट्यावर. ज्याचा पट्टा मेला त्याचा वस्तरा म्हणजे भाजी चिरायची सुरी. वस्तादांचा पट्टा घोड्याच्या पुठ्ठ्याच्या कातड्याचा होता, धंद्याला लागले तेव्हा घेतलेला. रोज सकाळी डाव्या हातानं तो ताणून धरायचा, उजवा तळहात त्यावरून खालीवर फिरवत चामडं ऊनऊन होईपर्यंत चोळायचं, मग पातं आधी कापडावर आणि मग चामड्यावर. पाठ पुढं, धार मागं. टोकाला गेलं की पाठीवरच उलटायचं. उचलून उलटवलं की पट्टा कापलाच. आणि तेल? तेलाचा थेंब नाही. हाताला जो घाम आणि जे तेल असतं तेवढंच त्याचं खाणं. पट्ट्याला बाटलीतलं तेल पाजणारा न्हावी आणि गाईला लोणी चारणारा गवळी, दोघांचं डोकं एकाच कारखान्यातलं, असं ते घुम्याला शिकवताना म्हणाले होते.

दुकानाचा एकच कायदा होता. दुसऱ्याच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. प्रत्येक हाताला आपला एक कल असतो आणि चामडं त्या कलानं झिजतं. एका ताटात जेवलं तर चालेल, एका पट्ट्यावर दोन वस्तरे चालायचे नाहीत.

आणि आता त्या पट्ट्यावरून पातं मुक्यानं सरकत होतं. ओल्या साबणावरून जावं तसं, ना ओढ ना आवाज. चामड्यावर कसलीशी तुळतुळीत चकाकी आलेली. वस्तादांना, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. हात नव्हे, पट्टा! आणि पट्टा आपोआप बिघडत नाही, कुणीतरी बिघडवावा लागतो. दुकानात माणसं दोन. एक ते स्वतः.

माणूस संशय घेतो तो काही दरवेळी समोरच्याच्या वाईटपणामुळं नाही. बऱ्याचदा आपल्या अंगावर येणारं काहीतरी दुसऱ्याच्या अंगावर ढकलायला जागा हवी असते म्हणून घेतो. पण हे तोंडावर सांगणारा तिथं कुणी नव्हता. होता तो समोरच्या दुकानातला शिंपी.

शिंप्याच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या, तरी फटीफटींतून बोलणं गळत राहायचं. मास्तर आत बसले म्हणे, त्यानं सुरुवात केली. आणि घुम्याचा हात हल्ली लोण्यासारखा चालतो असं बाजारात बोलतात. आणि स्टेशनकडे ते काचेचं नवं सलून झालंय, त्याचा मालक घुम्याशी चहाच्या टपरीवर बोलत उभा होता, ते शिंप्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. वस्तादांनी विचारलं, काय बोलत होते? शिंप्यानं टाचण्या काढून उशीला टोचल्या, म्हणजे आता बोलणं महत्त्वाचं.

"मी शिंपी माणूस, वस्ताद. अस्तनी शिवून देणं माझं काम. तिच्यात निखारा कोण बाळगतंय ते ज्याचं त्यानं बघावं."

वस्ताद बघायला लागले. घुम्या पाणी भरायला नळावर गेला, तशी त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि जे जन्मात केलं नव्हतं ते केलं. घुम्याच्या आकड्यावरचा पट्टा ताणून धरला. सवयीनं तळहात चार वेळा खालीवर फिरला, मग पातं. आवाज आला! तोच जुना, कोरड्या पानावरून पान ओढल्यासारखा. पात्यानं मनगटावरचे केस नुसत्या स्पर्शानं उतरवले. वस्तादांनी पट्टा होता तसा लटकावला. घरात शिरून चोराचा माग काढणाऱ्यालाही लोक चोरच म्हणतात, हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. त्यांना पुरावा मिळाला होता. वस्तरा चांगला, हात चांगला, दुसऱ्याचा पट्टा चांगला. घाण फक्त माझ्या पट्ट्यात.

त्या दिवसापासून घुम्याची प्रत्येक हालचाल त्यांना तिरकी दिसायला लागली. तो आपल्या पट्ट्याशी जरा जास्त वेळ उभा राहिला, नाकाशी नेऊन तो हुंगला, आणि मान वळवून वस्तादांकडं बघत राहिला. काय रे, वस्तादांनी विचारलं. काही नाही दाजी, तो म्हणाला. खर्च झाला त्याचा सकाळचा शब्द.

मग ती पूड सापडली. वस्ताद दुपारी जेवायला घरी जात, थोडे लवंडत आणि उन्हं कलल्यावर परत येत. तेवढा वेळ दुकान घुम्याच्या ताब्यात. एकदा परतल्यावर पट्टा ताणला तर चामडं आणि कापड जिथं शिवलेलं असतं त्या खाचेत पांढरी रेघ. बोटानं काढून चोळली. बारीक, पिठूळ. बारीक दळलेली रेती, वस्तादांनी ठरवून टाकलं. रेतीचा एक कण पात्याच्या धारेला पुरेसा असतो, आणि हा पठ्ठ्या मुठीमुठीनं टाकतोय! आता मास्तर का उठून गेले ते कळलं. उद्या वकील जाईल, परवा घड्याळवाला जाईल, आणि एक दिवस हा घुम्या काही न बोलता टॉवेल झटकून पहिल्या खुर्चीमागं उभा राहील. आणि लोक म्हणतील, वस्तादांचं वय झालं हो.

बायकोजवळ त्यांनी विषय काढून पाहिला. तुझा भाऊ हल्ली काय बोलतो घरी? ती भांडी विसळत होती. म्हणाली, तो कधी काय बोलतो? मग थोडं थांबून, पाठ न वळवता तिनं विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

वस्ताद नाही म्हणाले. ही पण सामील, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि आल्याची लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ते शिंप्याकडून कापडावर खुणा करायचा निळा खडू घेऊन आले. शिंप्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. त्याला न विचारताच कळलेलं जास्त आवडायचं. जेवायला जाण्याआधी, घुम्या मोरीत ब्रश धूत असताना, वस्तादांनी खडूची भुकटी पट्ट्याच्या मागच्या अंगाला, जिथं धरल्याशिवाय पट्टा ताणताच येत नाही त्या टोकाला, चोळून ठेवली.

घरी जाऊन जेवण गिळलं, पाठ टेकली नाही आणि परत आले.

दुसऱ्या खुर्चीत हेडमास्तर डोळे मिटून पडले होते, तोंडाला फेस. घुम्या त्यांच्या गालाची कातडी डाव्या अंगठ्यानं ताणून कानाखालून वस्तरा उतरवत होता. आणि मास्तरांच्या कानापाशी, पांढऱ्या फेसाच्या वर, निळ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. आकाशासारखा स्वच्छ.

वस्तादांच्या मागोमाग शिंपीही, गळ्यात टेप तशीच लोंबत, उंबऱ्यापर्यंत आला होता.

"अंगठा दाखव," वस्ताद म्हणाले.

घुम्यानं वस्तरा मास्तरांच्या गळ्यापासून आधी दूर घेतला, मग अंगठा वर केला. त्यानं स्वतःही तो तेव्हाच पाहिला.

"माझ्या पट्ट्याला हात लावलास?"

"लावला."

"रोज लावतोस?"

"रोज."

"कशाला?"

घुम्यानं मास्तरांकडं पाहिलं, दारातल्या शिंप्याकडं पाहिलं, मग वस्तादांच्या उजव्या हाताकडं. आणि गप्प बसला. जे बोलून सुटला असता ते त्या दोघांसमोर बोलायचं नाही, असं त्यानं ठरवलं, हे वस्तादांना कळायला फार उशीर होता. त्या घटकेला त्यांना दिसला तो पकडला गेलेला चोर.

ते बोलले ते गल्लीनं ऐकलं. मिसरूड नव्हतं तेव्हापासून पोसलं, हातात हात धरून शिकवलं, आणि हे पांग फेडलेस. माझ्या पट्ट्यात रेती घालतोस. खुर्ची पाहिजे होती तर मागायची होतीस, मी थुंकलो असतो तोंडावर पण मर्द म्हटलं असतं. उचल तुझे वस्तरे.

"मास्तरांची पुरी करतो," घुम्या म्हणाला.

आणि त्यानं केली. हात हलला नाही, केस ओढला गेला नाही. टॉवेलनं गाल टिपताना निळा ठसाही पुसून घेतला. मास्तर कोट न घालता हातात घेऊनच बाहेर पडले. घुम्यानं आपले वस्तरे, कात्री, ब्रश गुंडाळले, पट्टा आकड्यावरून काढला आणि दारात थांबला.

"दाजी, पट्ट्याला तळहात लावू नका," तो म्हणाला आणि गेला.

वस्तादांना वाटलं, जाता जाता मारून गेला. जो हात लावतो तो म्हणतो, तुम्ही हात लावू नका!

आता नवा पट्टा हवा. रेती भरलेला पट्टा आयुष्यभर दगा देतो. वस्ताद जुना पट्टा गुंडाळी करून काखेत मारून कातडेवाल्याकडं गेले. हा म्हातारा खोगीर, पट्टे, कमरबंद असलं सगळं करायचा आणि जगातल्या कुठल्याही माणसावर विश्वास ठेवायचा नाही, म्हणून वस्तादांना तो आवडायचा. न्हावी पट्टा बघायला लागला की म्हातारा मुद्दाम आधी वाईट माल पुढं टाकायचा. वस्तादांनी पहिला पट्टा दुमडून बघितला, बारीक सुरकुत्या पडल्या, बाजूला टाकला. हे पोटाकडचं कातडं, चार दिवसांत लोंबेल. दुसऱ्यावर नख ओढलं, पांढरी रेघ उठली आणि तशीच राहिली, सुकलेलं. तिसरा चकाकत होता, त्याला वरून काहीतरी फासलेलं. चकाकी बायकांच्या चपलांना, वस्ताद म्हणाले. मग म्हातारा दात नसलेलं हसला आणि मागच्या फळीवरून चौथा काढला. पाठीचं कातडं, एकसारख्या जाडीचं, दुमडलं तर वळलं आणि सोडलं तर सरळ झालं. वस्तादांनी खिशातला वस्तरा काढून पाठ टेकवून हळूच ओढून पाहिला. ओढ होती. सरकतही नव्हता, चिकटतही नव्हता.

हा घेतो, ते म्हणाले, आणि सवयीनं उजवा तळहात त्यावर ठेवायला गेले.

म्हाताऱ्यानं पट्टा झटकन मागं ओढला.

"आधी हात धुऊन या."

वस्ताद चमकले. हात स्वच्छ आहे, म्हणाले. म्हाताऱ्यानं त्यांच्या काखेतली गुंडाळी ओढून घेतली, उलगडली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. मग वस्तादांचा उजवा हात मनगटाला धरून तोही तसाच हुंगला, जसा सोनार नाणं वाजवून बघतो.

"एकच वास," तो म्हणाला. "सांधेदुखीचं मलम. मीपण लावतो, पण मी गुडघ्याला लावतो. तुम्ही तर घोड्याला लावलंत."

रेती? वस्तादांनी विचारलं. खाचेतली पूड? म्हाताऱ्यानं ती चिमटीत घेऊन चोळली. रेती कुठली हो, अंगाला लावायची पावडर आहे. कुणीतरी शहाण्यानं पट्ट्यावर भुरभुरून मलमाचं तेल शोषून घ्यायला ठेवली असेल आणि मग झाडली असेल. कातड्याला तेल जास्त झालं की तोच एक उपाय. पण रोज सकाळी पुन्हा तेल पाजणारा कुणी असला तर ब्रह्मदेवही हात टेकेल.

नवा पट्टा काखेत घेऊन वस्ताद रस्त्यावर आले तेव्हा त्यांना चालताना आपला उजवा हात कुठं ठेवावा ते समजेना. खिशात घातला, काढला. रोज सकाळी आपणच. मलम चोळायचं, पुसायचं, आणि तोच तळवा पट्ट्यावर फिरवायचा. दुसरा कुठलाही धंदा असता तर हे घडलं नसतं. सुताराच्या करवतीला काय फरक पडतो? आणि घुम्याचा पट्टा! चार वेळा हात फिरवला होता त्यावर. म्हणून तो हुंगत होता. म्हणून तसा बघत होता. त्याला त्याच दिवशी कळलं होतं, हाताचं दुखणंही आणि आपण चोरून त्याचा पट्टा वापरल्याचंही.

पण संशयाची मुळी इतक्या सहज उपटत नाही. घर येईपर्यंत वस्तादांनी नवा प्रश्न तयार केला होता. कळलं होतं तर बोलला का नाही?

तोच त्यांनी दारातून आत पाऊल टाकताच बायकोवर फेकला. ती वाटच बघत बसली होती.

"मी सांगितलं होतं बोलू नको म्हणून," ती म्हणाली. "डबी खणात लपवता, तपकीर ओढता. आमची नाकं नाही मेलेली. उशीला वास, सदऱ्याला वास. पेला डाव्या हातानं उचलता. मी म्हटलं, सांगतील आपणहून. त्या दिवशी विचारलंसुद्धा."

तूच सांगायचंस, वस्ताद ओरडले. तिनं विचारलं, आणि मग तुम्ही काय केलं असतं? माझ्यावर संशय घेतला असता, की भावाला खुर्ची मिळावी म्हणून मी तुमचा हात आजारी पाडते. तिनं आकडा बरोबर लावला होता.

आपल्या घरांतली ही एक सडकी खोड आहे. माणसाचं दुखणं सगळ्यांना दिसतं आणि कुणी त्याचं नाव काढत नाही. याला मान ठेवणं म्हणतात. तो मान ठेवता ठेवता इथं एक पोर चोर ठरलं, भर गल्लीत.

घुम्या मागच्या अंगणापलीकडच्या आपल्या खोलीत आहे, बायकोनं सांगितलं. त्या काचेच्या सलूनवाल्याचा माणूस येऊन गेलाय. उद्यापासून जाणार म्हणतो. तुमच्यासारख्यांनी आता नाक घासलं तरी येईल का नाही मला माहीत नाही, आणि मी त्याला ये म्हणणारही नाही.

वस्ताद गेले. घुम्या खाटेवर बसून वस्तरे पुसत होता. त्यानं वर पाहिलं, बस म्हणाला नाही. वस्तादांनी माफी मागायचे शब्द वाटेत जुळवले होते, पण तोंडातून निघाला तो वेगळाच सवाल. शेवटचा संशय अजून आत वळवळत होता आणि तो काढल्याशिवाय त्यांना दुसरं काही बोलताच येईना.

"खरं सांग. तुला माझी खुर्ची हवी होती का?"

घुम्यानं पातं मिटलं.

"हवी होती. अजून हवी आहे," तो म्हणाला. "पण मला ती चांगल्या पट्ट्यासकट हवी आहे. म्हणून पावडर घालत होतो."

इतक्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून एका दमात एवढे शब्द निघाले नव्हते, आणि त्यात गोड एकही नव्हता. नाही हो दाजी, छे छे, तुमची जागा कोण घेणार, असं काही तो बोलला असता तर वस्ताद उठून गेले असते आणि मरेपर्यंत त्याच्यावर पाळत ठेवली असती. त्यांनी काखेतला नवा पट्टा काढून खाटेवर ठेवला.

"कोरा आहे," ते म्हणाले. "याला हात फिरवून तयार करावा लागेल. माझा हात चालत नाही."

हे एवढं म्हणायला त्यांना जितकं जड गेलं तितकं कधी कुणाची माफी मागायलाही गेलं नव्हतं. घुम्यानं पट्टा उचलला, दुमडून सोडला, नख ओढून पाहिलं, नाकाशी नेला. वस्तादांना ते दिसलं आणि झोंबलंही. तपासायचा हक्क होता त्याचा.

दुसऱ्या दिवशी दुकान घुम्यानं उघडलं. नवा पट्टा पहिल्या खुर्चीच्या आकड्याला लटकला आणि घुम्या तळहातानं तो चोळत बसला, खाली, वर, खाली, वर, चामडं ऊन होईपर्यंत. वस्तादांनी मलमाची डबी खणातून काढून उघड्यावर, आरशाखाली, तुरटीच्या शेजारी ठेवली. समोरून शिंपी मान उंचावून बघत होता. आपला निळा खडू परत मागायला तो सकाळपासून चार वेळा येऊन गेला, आणि चारही वेळा त्याला काही म्हणजे काही ऐकायला मिळालं नाही.

पट्ट्याला आवाज फुटला, अजून कच्चा, पण फुटला. घुम्यानं वस्तादांकडं पाहिलं. आता पहिलं गिऱ्हाईक कोण, असा तो बघण्याचा अर्थ होता. चार दिवस लोक उंबऱ्यावर थबकणार हे दोघांनाही ठाऊक होतं. गल्लीनं रेती हा शब्द ऐकला होता, ते खोटं होतं हे कोण सांगणार? हेडमास्तर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं शाळेकडं निघाले होते. इकडं बघत, पण न थांबता.

वस्तादांनी गळ्याचं बटण काढलं आणि स्वतःच्या खुर्चीत गिऱ्हाइकासारखे बसले. काचेतून सगळ्यांना दिसेल असे. या खुर्चीतून आरसा असा दिसतो हे त्यांना आजपर्यंत माहीत नव्हतं. मागं उभा असलेला माणूस फार मोठा दिसतो, आणि त्याच्या हातातलं पातं त्याहून मोठं. त्यांनी मान मागं टाकली. घुम्यानं फेस लावला, अंगठ्यानं कातडी ताणली. वस्तऱ्याचं थंड टोक कानाखाली टेकलं. ज्याला काल गल्लीदेखत चोर ठरवलं त्याच्या हातात आज गळा दिला होता, आणि वस्तादांना एकेक नस वेगळी मोजता येत होती.

रस्त्यापलीकडं हेडमास्तर थांबले. शिंप्यानं टाचण्या काढल्या.

"दाजी, डोळे मिटा," घुम्या म्हणाला.

वस्तादांनी एक मिटला.